राज्यशास्त्र आणि सामाजिक शास्त्रांत बीए: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार येणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की महिनाभर माझा फोन गरम असतो. सोसायटीतल्या काकू, ऐरोलीचा मामेभाऊ, जुने विद्यार्थी, त्यांच्या धाकट्या बहिणी. माणसं बदलतात, प्रश्न तेच राहतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी ठाण्यातून बीए आणि कालिन्याहून, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या आवारातून, एमए केलं, आता शिकवते. खाली काही नियम आहेत आणि काही माझी मतं. तारखा आणि फी मुद्दाम दिलेली नाही. ती दरवर्षी बदलते, कॉलेजच्या नोटीस बोर्डावर पाहा.

१. राज्यशास्त्र म्हणजे शाळेतलं नागरिकशास्त्रच ना? इतिहासाच्या पुस्तकामागे असायचं ते?

नाव ओळखीचं वाटतं, एवढंच साम्य. शाळेत विचारतात, राष्ट्रपतिपदासाठी किमान वय किती? पस्तीस लिहिलं की मार्क मिळतो. कॉलेजात विचारतात, राज्यपालांनी विधेयक अडवून ठेवलं तर त्यांना जाब कोण विचारणार, आणि हा अधिकार त्यांना दिलाच का? इथे एका शब्दात उत्तर नसतं.

ढोबळमानाने चार भाग येतात. राजकीय सिद्धांत व विचारवंत (प्लेटो, हॉब्ज, रूसो, तसेच फुले, रानडे, आगरकर, आंबेडकर), भारतीय राज्यघटना व राजकारण, लोकप्रशासन आणि आंतरराष्ट्रीय संबंध. मुंबई विद्यापीठात महाराष्ट्राच्या राजकारणाचाही अभ्यास असतो. मुलांना तो सोपा वाटतो, कारण घरी जेवताना तेच चाललेलं असतं. पेपरात मात्र तिथेच सगळ्यात जास्त थापा वाचायला मिळतात.

२. बारावी सायन्स किंवा कॉमर्सला आहे. आर्ट्सला प्रवेश मिळेल?

मिळेल. मुंबई विद्यापीठाच्या बीएला कोणत्याही शाखेची बारावी चालते आणि प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. कॉलेजच्या अर्जाआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. दरवर्षी दोन-चार मुलं ती विसरतात आणि मग रडकुंडीला येतात. दिल्ली विद्यापीठ, जेएनयू अशा केंद्रीय विद्यापीठांत जायचं असेल तर सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती मराठीतूनही देता येते.

३. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, आयकेएस… हे सगळं काय आहे?

नव्या शैक्षणिक धोरणाची ही बाराखडी. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत ती २०२४-२५ पासून आली, बऱ्याच स्वायत्त कॉलेजांत वर्षभर आधी.

मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय, पदवी त्यात मिळते. मायनर हा जोडविषय, आणि तो मेजरला पूरक असला तर चांगलं. ओई म्हणजे खुला विषय, बहुतेकदा दुसऱ्या शाखेचा. म्हणून राज्यशास्त्राची मुलगी बँकिंगच्या तासाला बसलेली दिसते. व्हीएससी आणि एसईसी कौशल्याचे, एईसी भाषेचा, व्हीईसी मूल्यशिक्षणाचा, आयकेएस भारतीय ज्ञानपरंपरेचा. शिवाय फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग, समाजसेवेचं काम.

सगळ्याची मोजणी क्रेडिटमध्ये होते. सत्राला साधारण २२, तीन वर्षांना १३२, चार वर्षांना १७६. ही क्रेडिट्स ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात, त्यासाठीचा आयडी पहिल्याच महिन्यात काढून ठेवा. आधारवरचं नाव आणि बारावीच्या मार्कशीटवरचं नाव तंतोतंत जुळतंय ना, तेही तेव्हाच पाहा.

एक मात्र सांगते. या अक्षरांच्या गर्दीत पहिल्या वर्षी मेजर विषयाला वेळ कमी मिळतो. मुलं म्हणतात, "मॅडम, राज्यशास्त्र घेतलं, पण राज्यशास्त्र कुठे आहे?" तक्रार खरी आहे. उरलेलं वाचन स्वतः करावं लागतं.

४. मेजरला राज्यशास्त्र घेऊ, समाजशास्त्र की अर्थशास्त्र?

तुम्हाला कोणता प्रश्न पडतो, त्यावर ठरवा. वाशीच्या मार्केट यार्डात पहाटे एक फेरी मारा आणि पाठीवर पोतं घेतलेला माथाडी कामगार पाहा. हमाली कशी ठरते, मशीद बंदरच्या आसपासचे घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलल्यावर व्यापाऱ्याचं आणि हमालाचं गणित कसं बदललं, हे विचारावंसं वाटलं तर अर्थशास्त्र घ्या. यातले इतके जण सातारा-सांगलीकडचेच कसे, गाववाला गाववाल्याला कामावर कसा आणतो, टोळीत कोणाचा शब्द चालतो, असा विचार आला तर समाजशास्त्र. आणि असंघटित म्हटल्या जाणाऱ्या कामगारांसाठी १९६९ साली महाराष्ट्राने वेगळा माथाडी कायदा केला, तो अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने कसा करून घेतला, सरकारला तो का करावासा वाटला, हे खुपत राहिलं तर राज्यशास्त्र.

माणूस एकच आहे, प्रश्न तीन. एक मेजरला घ्या, दुसरा मायनरला. अर्थशास्त्र घेताना गणित आणि संख्याशास्त्र टळणार नाही, हे लक्षात ठेवा. "मैत्रिणीने घेतलं म्हणून" हे कारण मी दरवर्षी ऐकते आणि दुसऱ्या वर्षी त्याच दोघी एकमेकींशी बोलत नसतात.

५. ठाण्यात, वाशीत शिकू की मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजात जाऊ?

पदवी दोन्हीकडे मुंबई विद्यापीठाचीच. स्वायत्त कॉलेज असेल तर अभ्यासक्रम आणि पेपर कॉलेज काढतं, पण पदवीवर नाव विद्यापीठाचंच असतं. तेव्हा नावापेक्षा तीन गोष्टी विचारा. हवा तो विषय तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून मिळतो का? त्या विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती? वाचनालयात बसायला जागा आहे का? पहिला प्रश्न फार महत्त्वाचा. काही कॉलेजांत राज्यशास्त्र फक्त मायनरपुरतं असतं आणि ते प्रवेश झाल्यावर कळतं.

घोडबंदर रोडवरून चर्चगेटला रोज जाऊन-येऊन चार तास जाणार असतील तर मी जवळचं कॉलेज घ्या म्हणेन. वाचलेल्या वेळात ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय गाठा, १८९३ पासूनचं आहे. अधूनमधून कालिन्याची व्याख्यानं ऐका. तिथला समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला आणि पुढे घुर्ये यांनी तो नावारूपाला आणला. बाहेरच्या विद्यार्थ्यालाही मागच्या बाकावर कोणी अडवत नाही. मला तरी कधी अडवलं नाही.

६. मी मराठी माध्यमाची आहे. पेपर मराठीतून लिहिला तर चालेल? मार्क कमी पडतात का?

बीएच्या सामाजिक शास्त्रांचे पेपर मराठीतून लिहिता येतात. स्वायत्त कॉलेजात आधी विचारून घ्या. मार्क मराठीमुळे कमी पडत नाहीत, धूसर मराठीमुळे पडतात.

अडचण परिभाषेची आहे. 'राज्य' हा शब्दच घ्या. हॉब्जच्या प्रकरणात राज्य म्हणजे सार्वभौम राजकीय संस्था, आणि संघराज्याच्या प्रकरणात राज्य म्हणजे महाराष्ट्र. एकाच उत्तरात दोन्ही आले की तपासणारा गोंधळतो आणि लिहिणाराही. म्हणून दुसऱ्या अर्थी 'घटकराज्य' लिहायची सवय लावा. शासन, सरकार आणि प्रशासन हेही एक नव्हे. सत्ता, अधिसत्ता आणि अधिमान्यता यांतला फरक तर पाठच करा. गल्लीतल्या दादाकडे सत्ता असते, वाहतूक हवालदाराकडे अधिसत्ता, आणि हवालदाराने हात केल्यावर आपण मनापासून थांबलो तर ती अधिमान्यता.

घटनेची उद्देशिका मराठी आणि हिंदी दोन्हींत वाचा. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने आलेल्या शब्दासाठी हिंदीत 'पंथनिरपेक्ष' आहे, मराठीत 'धर्मनिरपेक्ष'. आपण २६ जानेवारीला प्रजासत्ताक दिन म्हणतो, पण मराठी उद्देशिकेत शब्द आहे 'गणराज्य'. असं का, यावर एक तास सहज जातो.

अडलं तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत. इंग्रजी वाचन मात्र सोडू नका. लिहा मराठीत, वाचा दोन्हींत.

७. इतकं लिहून मार्क का मिळत नाहीत?

कारण प्रश्नाचं क्रियापद कोणी वाचत नाही. शहरांच्या पालिकांना घटनेत स्थान देणारी ७४वी घटनादुरुस्ती घ्या. '७४व्या घटनादुरुस्तीची वैशिष्ट्ये सांगा' आणि '७४व्या घटनादुरुस्तीचे मूल्यमापन करा' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला १ जून १९९३ पासून अंमल, बारावी अनुसूची, तिच्यातले १८ विषय, प्रभाग समित्या, महिलांचं आरक्षण एवढं पुरतं. दुसऱ्याला ही यादी चार ओळींत आटोपून मुद्द्यावर यायचं असतं: १८ पैकी खरे किती विषय महापालिकेकडे आले? पैसे कोणाकडे? आयुक्त कोण नेमतं?

गाईड वाचून पहिल्या प्रश्नाचं उत्तर येतं, दुसऱ्याचं येत नाही. सायन्सकडून आलेल्या मुलांनी आणखी एक सांभाळा: नुसते ठिपके देऊन मुद्दे लिहू नका. एका मुद्द्यातून दुसरा निघाला पाहिजे. उदाहरण द्याल तर तारीख आणि जागेसकट द्या. "अलीकडे एका शहरात" असं लिहिलं की आम्हाला कळतं.

८. फील्ड प्रोजेक्टला कोणता विषय घेऊ? सगळे "सोशल मीडियाचा तरुणांवरील परिणाम" घेतायत.

म्हणूनच घेऊ नका. तुम्ही राहता त्या भागासारखी प्रयोगशाळा पुण्या-दिल्लीच्या मुलांना मिळत नाही.

नवी मुंबईकरांनी एकच प्रश्न धरावा: इथे निर्णय कोण घेतं? १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली ती कंपनी कायद्याखाली, राज्य सरकारच्या मालकीची कंपनी म्हणून. तिच्या संचालकांना कोणी मत देत नाही, तरी शहर तिने आखलं. महापालिका आली १९९२ मध्ये. खारघर, कामोठे, कळंबोली हा भाग २०१६ साली झालेल्या पनवेल महापालिकेत गेला आणि तिथे मालमत्ता कराचा वाद पेटला. लोक म्हणत होते, सेवा सिडकोने दिली, मग कर पालिकेला कशाला? यात अख्खं लोकप्रशासन आहे.

त्याआधीची कथा ९५ गावांची. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली आगरी-कोळ्यांची ही गावं. नवी मुंबईसाठी त्यांच्या जमिनी गेल्या, मोबदल्यावरून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे बळी गेले. पुढे विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा परत देण्याची योजना आली. घणसोलीच्या किंवा कोपरखैरण्याच्या कोणत्याही आजीला "साडेबारा टक्के" म्हणा, तासभर बोलेल. ते तास लिहून काढणं हाच प्रोजेक्ट. आजीचं नाव आणि सर्व्हे नंबर मात्र तिच्या परवानगीशिवाय छापू नका.

ठाणेकरांसाठीही विषय कमी नाहीत. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. कारखाने गेले आणि तिथे ऑफिसं आली, तेव्हा कामगार कुठे गेले? १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, तेव्हा जिल्हा परिषदेचं काय झालं? आणि माझा आवडता विषय: घटनेचं कलम २४३-यू म्हणतं, मुदत संपण्याआधी पालिकेची निवडणूक झाली पाहिजे. नवी मुंबईत २०२० साली आणि ठाण्यात २०२२ साली नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतरची काही वर्षं कारभार प्रशासकाने पाहिला. नगरसेवक नसताना तुमच्या वॉर्डातल्या गटाराची तक्रार लोक कोणाकडे नेत होते? दहा घरांत विचारा. कागद हवे असतील तर माहितीचा अधिकार वापरा. अर्जाला तीस दिवस धरून ठेवा, म्हणजे प्रोजेक्टच्या आदल्या आठवड्यात धावाधाव होणार नाही.

९. यूपीएससी-एमपीएससीसाठी राज्यशास्त्रच घ्यावं लागतं का?

नाही. कोणतीही पदवी चालते. फायदा होतो हे खरं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतला सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर घटना, कारभार, सामाजिक न्याय आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचाच आहे, आणि वैकल्पिक विषयांत राज्यशास्त्र, समाजशास्त्र, लोकप्रशासन तिन्ही आहेत. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे लिहायची सवय (प्रश्न ७) कामाला येते. शेवटच्या वर्षाला असताना यूपीएससीची पूर्वपरीक्षा देता येते, पण वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत.

मराठीवाल्यांनी एक खाच लक्षात ठेवावी. यूपीएससीची मुख्य परीक्षा आणि मुलाखत मराठीतून देता येते, पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र फक्त हिंदी-इंग्रजीत असते.

पहिल्या वर्षापासून कॉलेज बुडवून क्लासला जाणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे. क्लासमध्ये जे पैसे भरून नोट्सच्या रूपात मिळतं, तेच वर्गात फुकट आणि सावकाश मिळतं.

१०. केटी लागली तर वर्ष जातं का?

एटीकेटीचा अर्थच मुळी राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्गात बसू देणं. किती विषयांपर्यंत, ते कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारा. स्वायत्त कॉलेजांचे नियम वेगळे असतात. पहिल्या वर्षाची केटी तिसऱ्या वर्षापर्यंत ओढू नका, एवढंच.

११. एका वर्षाने सोडलं तर? आणि चौथं वर्ष करावं का?

पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर थांबायचं तर चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप जास्तीची करावी लागते. हे पुष्कळांना माहीत नसतं. सोडल्यावर तीन वर्षांत परत येता येतं, पण सगळं मिळून सात वर्षांत संपवायचं. घरात आजारपण किंवा लग्न आलं म्हणून सोडावं लागलेल्या मुलींना याचा खरा उपयोग आहे. नुसत्या एका वर्षाच्या सर्टिफिकेटवर नोकरी मिळाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

चौथं वर्ष संशोधनाकडे जाणाऱ्यांनी करावं. संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. चार वर्षांनंतर एमए एका वर्षात होतं. वकिली, बीएड किंवा स्पर्धा परीक्षा ठरलेली असेल तर तीन वर्षं पुरेत.

१२. नोकरी करतो. घरी बसून करता येईल? दोन पदव्या एकदम?

येईल. मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ केंद्र (जुने लोक अजून 'आयडॉल' म्हणतात), नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू हे तीन सरळ मार्ग. दुसरं कोणी "सहा महिन्यांत बीए" म्हणालं तर निघून या.

एप्रिल २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्यांना मुभा दिली आहे. दोन्ही प्रत्यक्ष असतील तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, नाहीतर एक प्रत्यक्ष आणि एक दूरस्थ. परीक्षा मात्र एकाच आठवड्यात येऊ शकतात, त्याची जबाबदारी तुमची.

१३. पुढे एलएलबी करायचंय. दूरस्थ बीए चालतं का?

चालतं. तीन वर्षांच्या एलएलबीला एमएच-सीईटी लॉ ही प्रवेश परीक्षा लागते आणि पदवीला खुल्या गटासाठी ४५ टक्के, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. खोच इथे आहे: बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिलच्या नियमांत ती बसत नाही. ऐन प्रवेशाच्या वेळी हे कळलेले दोघे माझ्या ओळखीत आहेत.

१४. आणि नोकरी? शेजारचे विचारतात, "बीए करून काय?"

शेजाऱ्यांना सांगा, शिक्षक. नववी-दहावीला 'इतिहास व राज्यशास्त्र' शिकवायला पदवी आणि बीएड लागतं, अकरावी-बारावीला त्याच विषयात एमए आणि बीएड, कॉलेजात एमए आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्रांची होते. सेट महाराष्ट्र-गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं. समाजकार्यात जायचं असेल तर देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था मानखुर्द-गोवंडीच्याच रस्त्यावर आहे, हार्बरवाल्यांना घराजवळ. तिथल्या एमएला सीयूईटी-पीजी द्यावी लागते. बाकी पत्रकारिता, स्वयंसेवी संस्था, सर्वेक्षणं, आमदारांच्या कार्यालयातलं काम. सुरुवातीचा पगार थोडा असतो, हे घरी आधीच सांगून ठेवा.

१५. मी एका पक्षाचं काम करतो. वर्गात अडचण होईल?

तुमच्या पक्षामुळे नाही. उत्तरपत्रिकेत भाषण लिहिलंत तर होईल. ज्याचं मत तुम्हाला चीड आणतं त्याची बाजू दोन परिच्छेदांत प्रामाणिकपणे मांडून दाखवा, हा गृहपाठ मी सगळ्यांना देते. सगळ्यात चांगला गृहपाठ एकदा एका शाखाप्रमुखाच्या मुलाने लिहिला होता. विरोधी पक्षाच्या बाजूने.

१६. पदवी मिळाली की पदवीधर मतदारसंघात आपोआप नाव येतं का?

अजिबात नाही. गंमत म्हणजे राज्यशास्त्राच्या पदवीधरांनाही हे माहीत नसतं. घटनेच्या कलम १७१ नुसार विधान परिषदेचे बारावा भाग सदस्य पदवीधर निवडतात. ठाणे आणि नवी मुंबई हे भाग 'मुंबई पदवीधर'मध्ये नाही, कोकण पदवीधर मतदारसंघात येतात, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गाबरोबर. मतदार यादी ज्या वर्षी होते त्या वर्षाच्या १ नोव्हेंबरच्या आधी पदवीला तीन वर्षं झालेली हवीत आणि नमुना १८ भरून पदवीची प्रमाणित प्रत द्यावी लागते.

नेहमीच्या मतदार यादीत नाव असलं तरी हा फॉर्म वेगळा भरावा लागतो. शिवाय ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते, मागच्या वेळचं नाव पुढे येत नाही. विद्यापीठाच्या सिनेटची (अधिसभेची) नोंदणीकृत पदवीधरांची यादी तिसरीच, तिथे विद्यापीठाकडे नोंदणी करायची. माझं स्वतःचं नाव एकदा या गोंधळात राहिलं आणि मतदानाच्या दिवशी मी केंद्रावरून परत आले. दुसऱ्या दिवशी वर्गात कलम १७१ शिकवायचं होतं.